मदत हवी आहे : आर्गॉन रेग्युलेटरचा काटा आपोआप वर चढतो

नमस्कार मंडळी,

टिग वेल्डिंगसाठी (विजेच्या ठिणगीने धातू जोडणं) आर्गॉन वापरतो, हा वायू टाक्याला हवेपासून वाचवतो. रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवून देणारा) सिंगल स्टेज, म्हणजे एकाच टप्प्यात दाब उतरवणारा, दोन गेजचा. सिलिंडरकडचा काटा १५० बारच्या आसपास आहे, त्याची तक्रार नाही. बाहेरचा दाब २ बारवर लावला की टॉर्च चालू असेपर्यंत काटा जागचा हलत नाही. टॉर्च सोडली की जरासा उडतो आणि मग थांबतच नाही, हळूहळू सरकत ३.५ च्या पुढे जातो. पुढच्या वेळी टॉर्च दाबली की गॅसचा भपकारा येतो आणि टाक्याची सुरुवातच काळी पडते.

साबणाचं पाणी सगळीकडे लावून पाहिलं, कुठेही बुडबुडा नाही. दाब लावायचा नॉब पूर्ण सैल करून सिलिंडर उघडला, तरी काटा चढतो. दुरुस्तीवाला म्हणतो डायफ्रॅम (स्प्रिंगखालचा लवचिक पडदा) गेला. मला पटत नाही, कारण डायफ्रॅम फाटला असता तर स्प्रिंगच्या टोपीवरच्या भोकातून गॅस आला असता ना? तिथेही फेस नाही.

सीट (आतली झडप जिच्यावर टेकून गॅस अडवते ती बैठक) बदलून भागेल का? की थेट डबल स्टेज (दोन टप्प्यांत दाब उतरवणारा) घ्यावा? कार्बन डायऑक्साइडचा एक रेग्युलेटर पडून आहे, तोवर तो चालेल का?

उत्तर १ :
डायफ्रॅमबद्दल तुमचं बरोबर आहे. टॉर्च सोडल्यावरची छोटी उडी सगळ्याच रेग्युलेटरना असते, पण चढतच राहणं म्हणजे सीट गळतेय. सीटवर चरा पडलाय किंवा धातूचा कण अडकलाय. नॉब सैल असताना झडप बंद असायला हवी, तरी काटा चढला, तिथेच निकाल लागला. आता सिलिंडर बंद करा आणि हा वापरू नका. असाच चढत राहिला तर नळी किंवा लहान गेज फुटू शकतं. सीटचं किट त्याच मॉडेलचं हवं आणि काम जाणत्याकडूनच करून घ्या.

कार्बन डायऑक्साइडवाला अजिबात नको. तो गॅस सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, २० अंशांना दाब साधारण ५७ बार. तुमचा आर्गॉन त्याच्या अडीचपट. शिवाय प्रवाहाचे आकडेही चुकीचे दिसतील. अडॅप्टर लावून जुळवायच्या भानगडीत तर पडूच नका.

उत्तर २ :
डबल स्टेज हे या दुखण्याचं औषध नाही. सिलिंडर रिकामा होत जातो तसा सिंगल स्टेजचा बाहेरचा दाब थोडा वाढतो, ती वाढ डबल स्टेज आवरतो. प्रयोगशाळेत गरज पडते, टॉर्चला सहसा नाही. जुना काढल्यावर इनलेटची जाळी बघा, कचरा तिथूनच आत जातो.

मूळ प्रश्नकर्ता :
जाळीत पितळेचा चुरा निघाला! सीट बदलायला देतो. फ्लोमीटरची (गॅसचा प्रवाह दाखवणारी) काचनळी असलेला रेग्युलेटर घेतला तर भपकारा कमी होईल का?

उत्तर २ :
उलट वाढेल. त्यातले बरेचसे आतून ३.५ बारवर कायम लावलेले असतात, आणि टॉर्च बंद असताना नळी तेवढ्या दाबाने भरून बसते. नळी आखूड ठेवा, फरक पडेल.