खनिज म्हणजे खाणीतलंच का?

सातवीच्या मुलांसाठी मंगळावरच्या ज्वालामुखींबद्दल लिहितेय. ‘यानाने वरूनच खनिजं ओळखली’ हे वाक्य वाचून मुलगी विचारते, म्हणजे तिथे खाण काढणार का? दुसरा शब्द आहे का? आणि रिमोट सेन्सिंगला, म्हणजे असं लांबूनच ओळखण्याला, सुदूर संवेदन म्हणू की दूरसंवेदन?

—

दोन्ही चालतात. नागपूरच्या सरकारी केंद्राच्या नावात ‘सुदूर संवेदन’ आहे, पण मुलांना ‘दूरसंवेदन’ तोंडात बसेल.

—

ताई, खनिज अजिबात बदलू नका. मुलीचा प्रश्न रास्तच आहे, खन् म्हणजे खणणं, खणून निघतं ते खनिज, आणि आपण रोज लोहखनिज, खनिज तेल असंच बोलतो. पण भूशास्त्रात खडक म्हणजे चिवडा धरला तर खनिजं म्हणजे त्यातले पोहे, दाणे, डाळं. बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, हा चिवडा, त्यात पायरॉक्सीन, फेल्डस्पार आणि कधी ऑलिव्हीन. आता यान वरून ते कसं ओळखतं तर सूर्याचा प्रकाश खडकावर पडून परत येतो तेव्हा प्रत्येक खनिज त्यातला ठरावीक भाग गिळतं, पायरॉक्सीनमधल्या लोहामुळे साधारण १ आणि २ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, ऑलिव्हीन मात्र १ च्या आसपासच पण रुंद पट्टा गिळतं. कुदळ न लावता खनिज कळतं ते असं!

आणि एक शब्द नक्की घ्या, मांजऱ्या. आमच्या मामांची विहीर खणताना काळ्या कातळाखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मऊसर दगड लागला, गडी लगेच म्हणाले मांजऱ्या लागला. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिली, मग खडकातून पाणी झिरपून त्यात झिओलाइट नावाच्या गटातलं पांढरट खनिज भरलं, तेच ते ठिपके. मंगळाभोवती २००६ पासून फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या क्रिझम उपकरणाला ॲनाल्सीम नावाचं झिओलाइट दिसलंय, म्हणजे तिथल्या खडकातूनही कधीतरी पाणी फिरलंय. विहिरीतला ढेकूळ हातात देऊन हे सांगितलं तर मुलं विसरणार नाहीत.

—

वा, चिवडा घेतेच! मांजऱ्या आमच्याकडे आजोबा म्हणायचे, मला वाटायचं मांजरासारखा ठिपकेदार म्हणून. तेच कारण असेल का हो?

—

व्युत्पत्ती खात्रीची मिळेपर्यंत ते छापू नका. दगड मात्र जरूर दाखवा.