पाळीआधीचा त्रास आणि ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला – मदत हवी आहे

नमस्कार. मी केज तालुक्यातली, वय ३४, दोन लेकरं. पाळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून छाती दुखरी होते, पोट फुगतं, झोप उडते. बारीकसारीक गोष्टीवरून रडू येतं, लेकरांवर ओरडते. पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. घरच्यांना वाटतं, माझा स्वभावच तिरसट झालाय.

सासूबाई अन् जाऊबाई म्हणतात, लेकरं झाली, आता पिशवी काढून टाक. एका खासगी दवाखान्यात तर नीट न तपासताच ऑपरेशनची तारीख द्यायला निघाले होते. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या पिशव्या अशाच गेल्या, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून भीती वाटते. पिशवी काढून हा त्रास खरंच जातो का? दुसरं काय करता येईल?

प्रतिसाद:
ताई, तारीख अजिबात घेऊ नका. हा त्रास पिशवीचा नाही. बीजांडकोशातून बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पाळीआधी उतरतं. काही जणींच्या मेंदूला हा चढउतार सोसत नाही. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबेल, चढउतार चालूच राहील. बीजांडकोशही काढले तर चौतिशीतच पाळी कायमची जाऊन हाडं ठिसूळ व्हायची भीती.

आधी कॅलेंडरवर रोज रात्री लिहा: राग, रडू, झोप, अंगदुखी, किती त्रास झाला ते ० ते ३ मध्ये. निदान दोन पाळ्या. हार्मोनच्या रक्ततपासणीत हे सापडत नाही, या नोंदींतूनच कळतं. त्रास महिनाभर राहत असेल तर मात्र थायरॉईड, हिमोग्लोबिन बघावं लागतं, नैराश्य आहे का तेही.

ते कॅलेंडर घेऊन अंबाजोगाईला स्वारातीत (स्वामी रामानंद तीर्थ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना) स्त्रीरोग विभागात जा. त्रास जास्त असेल तर मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेऊनही चालतात, काहींना ठरावीक गर्भनिरोधक गोळ्या लागू पडतात. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. रोजचं चालणं आणि पुरेसं कॅल्शियम (दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ, दूध-तीळ-नाचणी धरून) यानेही बऱ्याच जणींना फरक पडतो.

जीव नकोसा वाटला तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि कुणी पुन्हा पिशवी काढायला सांगितलं, तर कारण कागदावर लिहून मागा आणि तो कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.