महागड्या अवकाश मोहिमा: पैसे वसूल होतात का?

खतावणी
माझं काम लेखापरीक्षणाचं, त्यामुळे मोठा आकडा दिसला की आधी शंका येते. नासाच्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवर सुमारे १० अब्ज डॉलर गेले. सुरुवातीचा अंदाज याच्या जवळपासही नव्हता. तारखा पुढे ढकलत ढकलत ती २५ डिसेंबर २०२१ला उडाली. दुसरं कुठलं खातं असतं तर आम्ही सोलून काढलं असतं. अवकाशाचं नाव आलं की सगळे हात जोडून उभे!

हवामानाच्या, दळणवळणाच्या उपग्रहांबद्दल तक्रार नाही. त्यांचा उपयोग रोज दिसतो. मी विचारतोय ते मंगळ, लघुग्रह, दूरच्या दीर्घिका यांबद्दल. आणि कृपा करून ‘टेफ्लॉन नासाने शोधलं’ हे नको. टेफ्लॉन १९३८चं, नासा १९५८ची.

धूमकेतू
टेफ्लॉन सोडा, मोबाइलचा कॅमेरा घ्या. त्यातला सीमॉस सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या चमूने घडवला, कारण यानावर लहान आणि कमी वीज खाणारा कॅमेरा हवा होता. शिवाय पैसे काही वर नेऊन उधळत नाहीत. इथल्याच माणसांच्या पगारात जातात.

खतावणी
पगाराचा मुद्दा बाद. खड्डे खणून परत बुजवले तरी पगार होतोच. आणि कॅमेराच हवा होता तर थेट कॅमेऱ्यावर पैसे लावा, व्हाया मंगळ कशाला?

सावकाश
दोन्ही बाबतींत खतावणींशी सहमत. जोडउत्पन्न दाखवून मोहिमेचं समर्थन करूच नये. ती काय शोधायला गेली आणि ते दुसऱ्या मार्गाने कळलं असतं का, एवढंच बघावं.

नासाचं डार्ट बघा. २६ सप्टेंबर २०२२ला ते यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो मोठ्या डिडिमॉसभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. फेरी ७३ सेकंदांनी बदलली तरी मोहीम यशस्वी धरायची होती. ती ३२-३३ मिनिटांनी कमी झाली! धडकेने उडालेल्या दगडमातीनेच उलटा रेटा दिला. तो किती मिळेल हे कागदावर निघत नव्हतं, कारण लघुग्रह म्हणजे सलग कातळ की सैल खडीचा ढीग, हेच नक्की नसतं. उद्या एखादा धोंडा आपल्या वाटेवर आला तर हे मोजमाप हाताशी हवं. खर्च ३२ कोटी डॉलरच्या घरात. मला तरी स्वस्त वाटतो.

उलट नासाचं चंद्राकडे माणसं नेणारं एसएलएस रॉकेट. पहिल्या चार उड्डाणांचा, ओरायन यानासकट, दर उड्डाणामागे ४.१ अब्ज डॉलर खर्च नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२मध्ये काढला आणि हे परवडणारं नाही असंही बजावलं. लाल शाई तिथे वापरा, वेबवर नको.

धूमकेतू
माणसं नेण्यावर इतका राग का? हबल दुर्बिणीची अधू नजर १९९३मध्ये अंतराळवीरांनीच जाऊन सुधारली ना?

सावकाश
हबल सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. वेब १५ लाख किलोमीटरवर, तिथे दुरुस्तीला कोणी जात नाही. ऊन अडवणारा, टेनिस कोर्टाएवढा पाच थरांचा पडदा घडी घालून पाठवला, तो वर आपला आपण उलगडायचा होता. एकच भाग अडकला तरी सगळं मुसळ केरात, अशा ३४४ जागा अख्ख्या वेबमध्ये होत्या. चाचण्यांना वर्षं आणि पैसा लागला तो यामुळे.

खतावणी
चाचण्यांचं पटलं. डार्टही मंजूर, त्याचं प्रयोजन एका ओळीत लिहिता येतं.

पण वेबबद्दल अर्धंच सांगितलंत. २०१८मध्ये त्याच पडद्याच्या आवरणाचे स्क्रू प्रचंड आवाजाच्या चाचणीत निखळून पडले. ते शोधत बसण्यात गेलेला वेळ कुठल्या विज्ञानात मोडतो? करार ‘झालेला खर्च अधिक मोबदला’ अशा धर्तीचा, म्हणजे चूक कंत्राटदाराची आणि बिल नासाला. त्या १० अब्जांत चाचण्यांचे किती आणि असल्या ढिलाईचे किती, एवढी फोड कोणी दाखवा. बाकीच्यावर मी सही करतो.