काकूंचा फोन आणि २१ जुलै

सोसायटीचा ग्रुप, गुरुवार, १८ जुलै २०२४

पटवर्धन काकू (ए-२०३): आज बोलायचंच आहे मला. ह्यांच्या रिपोर्टसाठी लॅबमधून साडेदहाला फोन येणार होता. कणकेच्या हातांनी धावत येऊन उचलला. दोन सेकंद काहीच नाही, मग बाईचा आवाज, "अभिनंदन, आपलं कर्ज मंजूर झालं आहे." मी नको नको म्हणतेय, ती बोलतेच आहे. तेवढ्यात लॅबचा फोन येऊन गेला. परत लावला तर एंगेज. सकाळपासूनचा हा चौथा.

देसाई (बी-४०१): काकू, डीएनडी टाका, जाहिरातीचे फोन बंद करायची सोय. १९०९ ला 'स्टार्ट ०' मेसेज करा.

पटवर्धन काकू: दोन वर्षं झाली टाकून.

साठे सर (सी-१०१): सर्वांना नमस्कार. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने याच त्रासावर नव्या नियमांचा मसुदा काढला आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली. डीएनडी असताना जाहिरातीचा फोन, जाहिरातींसाठी ठरवून दिलेले १४० ने सुरू होणारे नंबर सोडून साध्या दहा आकडी नंबरवरून फोन, कोण बोलतंय ते न सांगणं, 'पुन्हा करू नका' म्हणायची सोय नसणं, हे सगळं त्यात बंद. सूचना पाठवायची शेवटची तारीख २१ जुलै.

मेघा (बी-२०४): मला काल ऐन एकादशीला बिर्याणीच्या ऑफरचा फोन 😀

कुलकर्णी (ए-५०२): पण नंबर जातात कुठून? वॉचमनच्या केबिनमधलं रजिस्टर बघा. फ्लॅट, नाव, मोबाइल, सगळं उघड्यावर.

भोसले (सेक्रेटरी): कुलकर्णी साहेब, रजिस्टरच्या ठरावावर आपलीच सही आहे. बाकी आपण सुज्ञ आहात.

कुलकर्णी: सही रजिस्टरसाठी होती, मोबाइलच्या रकान्यासाठी नव्हती. आणि थकबाकीची यादी नंबरांसकट याच ग्रुपवर कोणी टाकली?

भोसले: थकबाकी नसती तर यादी लागली नसती.

साठे सर: कृपया विषयावर या. २१ जुलै.

रोहन (बी-३०२): दीड वर्ष टेलिकॉलिंग केलंय म्हणून सांगतो. डायलर, म्हणजे फोन लावणारं यंत्र, एकदम पुष्कळ नंबर लावतो, जो उचलेल तो मोकळ्या मुलाला जोडतो. मोकळं कोणी नसलं की लोकांना नुसती शांतता ऐकू येते. काकूंना आलं ते तर रेकॉर्डिंग, तिथे माणूसच नाही. शिव्या मात्र आम्ही खायचो.

देसाई: दुपारी झोपेतून उठवलं की शिव्याच मिळणार.

रोहनची आई: देसाई भावजी, त्याच पगारावर आमचे घराचे हप्ते गेलेत. जरा जपून.

देसाई: तुम्हाला नाही म्हटलं वहिनी.

साठे सर: १९०९ वर तक्रार तीन दिवसांत करावी लागते, नंबर आणि तारखेसह. रोज नवा नंबर येतो. माणसाने तक्रारीच करत बसायचं का? म्हणून मसुद्यावर पाठवायच्या पत्रात मी लिहिलंय, ग्राहकाने आधी स्वतः होकार दिल्याशिवाय यंत्राने फोन लावूच नये. सह्या हव्यात. २१ जुलै.

भोसले: लेटरहेडवर द्यायचं तर कमिटीपुढे ठेवावं लागेल. मीटिंग रविवारी संध्याकाळी.

साठे सर: रविवारीच २१ आहे, भोसले.

भोसले: बरं. उद्या रात्री नऊला घेतो.

कुलकर्णी: त्यातच रजिस्टरचा रकानाही घ्या.

पटवर्धन काकू: लॅबचा फोन आत्ता लागला. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलंय, डॉक्टरांनी आजच बोलावलंय. साठे सर, सही कधी करू?

साठे सर: तुम्ही येऊ नका, मी कागद घेऊन वर येतो.

देसाई: काकू, रिक्षा शोधू नका. साडेपाचला गाडी गेटपाशी आणतो.