जीआय-जोडलेला रिसेप्टर, पण सायक्लिक एएमपी हलतच नाही

प्रश्न
एचईके-293 (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींत जीआयशी (सायक्लिक एएमपी कमी करणाऱ्या जी-प्रोटीनशी) जोडलेला रिसेप्टर घातलाय. अ‍ॅगोनिस्ट (रिसेप्टर जागा करणारा पदार्थ) 1 नॅनोमोलरपासून 10 मायक्रोमोलरपर्यंत देऊन 30 मिनिटांनी सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) मोजलं. रेषा सपाट. याच पेशींत आयसोप्रोटेरेनॉल दिलं की आकडा छान चढतो, म्हणजे किट ठीक आहे. रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नसेल का?

उत्तर
इतक्यात रिसेप्टरला दोष देऊ नका. आयसोप्रोटेरेनॉलमुळे बीटा-2 रिसेप्टरकडून जीएस (चालना देणारं जी-प्रोटीन) जागा होतो आणि अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला (सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला) चालना देतो. जीआय त्याच सायक्लेजला आवरतो. निवांत पेशीत ते मुळातच जेमतेम चालतं, मग आवरायचं काय?

आधी फोर्स्कोलिन द्या. ते रिसेप्टरला वळसा घालून थेट सायक्लेजला चेतवतं. पण डोळे झाकून मोठी मात्रा ओतू नका: सायक्लेज इतकं जोरात चालतं की जीआयची पकड दिसत नाही. 10 नॅनोमोलर ते 100 मायक्रोमोलर असा वेगळा आलेख काढा आणि कमाल प्रतिसादाच्या 70–80 टक्के देणारी मात्रा निवडा. सोबत 0.5 मिलिमोलर आयबीएमएक्स हवंच, नाहीतर फॉस्फोडायएस्टरेज (आयबीएमएक्स ज्याला रोखतं ते एन्झाइम) तयार झालेलं सायक्लिक एएमपी तोडत राहतं. अ‍ॅगोनिस्ट फोर्स्कोलिनच्या आधी किंवा बरोबर द्या.

आणखी एक उत्तर
किट एचटीआरएफसारखं (चमक मोजणारं) स्पर्धात्मक असेल, म्हणजे पेशीतलं सायक्लिक एएमपी किटमधल्या खूण लावलेल्या सायक्लिक एएमपीशी स्पर्धा करत असेल, तर सिग्नल उलटा असतो: सायक्लिक एएमपी वाढलं की गुणोत्तर (दोन तरंगलांबींच्या चमकेचं) उतरतं, आणि तेही सरळ रेषेत नाही. कच्च्या गुणोत्तरावर ईसी-50 (निम्मा परिणाम देणारी मात्रा) काढू नका, प्रत्येक प्लेटवर प्रमाण-वक्र (माहीत असलेल्या सायक्लिक एएमपी मात्रांचा आलेख) ठेवून आकडे त्यावरून बदलून घ्या. वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) पेशी जास्त झाल्या तर वाचन वक्राच्या सपाट टोकाला जातं आणि खरी घटही दिसत नाही. फोर्स्कोलिनइतकंच हेही आधी तपासा.

प्रश्नकर्ता
घट दिसली, तर ती जीआयमुळेच झाली हे कसं ठरवायचं?

उत्तर
पर्ट्युसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष), 100 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, 16–18 तास. तासाभरात भागत नाही. ते पेशीत शिरून काम करायला वेळ घेतं. जीआय-अल्फाच्या सी-टोकाकडून (साखळीच्या शेवटाकडून) चौथ्या जागी असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर ते एडीपी-रायबोज चिकटवतं. मग रिसेप्टरला ते प्रोटीन धरता येत नाही, जीडीपी सुटत नाही आणि जीटीपीला जागा मिळत नाही, म्हणजे प्रोटीन जागंच होत नाही. टॉक्सिननंतर घट नाहीशी झाली तर जीआय किंवा त्याचाच भाऊबंद जीओ नक्की. टिकून राहिली तर याच कुटुंबातला जीझेड तपासा: तोही सायक्लेजला आवरतो, पण त्याला ते सिस्टीनच नाही.