विषय: पुन्हा: नाशिक – मतदारयादीत नाव, लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर

प्रेषक: मेघा (सिडको, नाशिक)

मंडळी, इंग्लंडहून परत येऊन ज्यांनी मतदारयादीत नाव नोंदवलंय त्यांनी आजच उत्तर द्या, बीएलओ मॅडम (घरोघरी येऊन मतदारयादी तपासणाऱ्या) परवा पुन्हा येणार आहेत. नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरून तयार आहे, पत्त्याच्या पुराव्यावर अडलंय. लाइट बिल आणि घरपट्टी दोन्ही अजून सासऱ्यांच्याच नावावर. माझ्या आधारवर पंचवटीचा, माहेरचा पत्ता. हे मार्चपर्यंत इंग्लंडात, स्लाऊलाच आहेत. मॅडमनी बिल उलटसुलट करून पाहिलं, सासऱ्यांच्या नावाखाली पेनानं रेघ मारली आणि म्हणाल्या, "ताई, यात तुम्ही कुठे आहात?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांचं नाव यादीत आहे. तरी मॅडम नाही म्हणाल्या.

प्रेषक: अण्णा (हॅरो)

मेघा, तुझ्यापेक्षा माझं सोपं दिसतंय. इंदिरानगरचा फ्लॅट माझ्या नावावर, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आहे, घरपट्टी दरवर्षी मीच भरतो. मग मीही इथूनच ऑनलाइन फॉर्म ६ टाकून देतो. नळाला पाणी येत नाही, रस्ता तीनदा खोदला, आणि कर भरणाऱ्याला मत नाही हे काही बरोबर नाही.

प्रेषक: नाना (देवळाली कॅम्प)

अण्णा, फॉर्म ६ टाकू नका, कळकळीनं सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २०: एखाद्या ठिकाणी घर मालकीचं किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरच माणूस तिथला 'सर्वसाधारण रहिवासी' ठरत नाही. तुम्ही राहता लंडनला, हॅरोत. फॉर्म ६ वर "मी इथे राहतो" अशी सही करायची असते, आणि खोट्या प्रतिज्ञेला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. तुमच्यासाठी फॉर्म ६अ, परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांचा. २०१० च्या दुरुस्तीनं कलम २०अ आलं ते तुमच्यासारख्यांसाठीच. पासपोर्टवरचा भारतातला पत्ता ज्या मतदारसंघात येतो तिथे नाव लागतं. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडायच्या. घराची कागदपत्रं कुणी विचारतच नाही.

मेघासाठी वेगळं लिहितो, आत्ता दवाखान्यात जायचंय.

प्रेषक: अण्णा (हॅरो)

माझा पासपोर्ट इथे नव्यानं काढलाय, शेवटच्या पानावर हॅरोचाच पत्ता आहे. मग?

प्रेषक: ज्योती (हाउन्स्लो)

अण्णांचं होईल हो, मेघाचं आधी बघा. मला त्या सासूबाईंच्या प्रकरणाचा फार राग आला आहे. फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचा: पुरावा स्वतःच्या नावाचा, नाहीतर त्याच पत्त्यावर यादीत असलेल्या आईवडिलांच्या, जोडीदाराच्या किंवा सज्ञान मुलाच्या नावाचा. सासू-सासरे यात बसत नाहीत. म्हणजे आपल्याकडे लग्न होऊन घरात आलेल्या बाईच्या नावावर ना बिल, ना घर, आणि नवरा बाहेरगावी असला की ती कागदावर कुठेच नाही. माझ्या धाकट्या जावेनं सातपूरला हेच सोसलं. शेवटी तिनं एकटीच्या नावाचं बँक खातं काढलं तेव्हा सुटली. ही सूचना मंडळाच्या लेटरहेडवर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना गेली पाहिजे.

प्रेषक: शिरीष (सचिव)

ज्योतीताई, मुद्दा पटतो, पण लेटरहेडवर काहीही जायचं तर आधी कार्यकारिणीत यावं लागतं, हे गेल्या वर्षी सभेत ठरलंय. आणि मतदार नोंदणीचं माहितीपत्रक परतलेल्यांच्या समितीकडे आहे, ते इथे परस्पर तयार होऊ नये. हॉलच्या बुकिंगची मेल खाली गेली आहे, तीही कृपया बघा.

प्रेषक: ज्योती (हाउन्स्लो)

माहितीपत्रक येईल तेव्हा येईल. बीएलओ परवा येणार आहेत.

प्रेषक: नाना (देवळाली कॅम्प)

मेघा, पहिला प्रश्न: लग्नाआधी पंचवटीत तुझं नाव होतं ना? जुनं मतदार कार्ड शोध, त्यावर नंबर असेल. तो आणि माहेरचं नाव दोन्हीनं आयोगाच्या संकेतस्थळावर शोधून बघ, नाहीतर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन कर. नाव अजून तिथे असेल तर फॉर्म ६ भरायचाच नाही. ऑगस्ट २०२२ पासून तो फक्त नव्या नावांसाठी आहे. तुला फॉर्म ८, स्थलांतर. पंचवटी नाशिक पूर्व मतदारसंघात, सिडको नाशिक पश्चिममध्ये, तरी फॉर्म तोच. ६ भरलास तर त्यात "माझं नाव दुसरीकडे नाही" अशी सही जाईल आणि दोन्हीकडे नाव निघालं तर उगाच त्रास.

पुराव्याचं दोन्ही फॉर्मना सारखंच. चालू पासबुक चालतं. पंचवटीच्या पत्त्यावर तुझं बँक खातं असेल त्याचा पत्ता सिडकोचा करून घे आणि पासबुकाचं पहिलं पान नव्यानं छापून माग. तेही परवापर्यंत झालं नाही तर 'इतर कागद' असा रकाना आहे, त्यात जे आहे ते लिहून दे. मग घरी येऊन चौकशी होतेच, शेजारी आणि सासूबाई सांगतील. सासूबाईंना त्या वेळी घरी थांबायला सांग.

अण्णा, ६अ ला भारतातला पत्ता असलेला पासपोर्ट लागतो. आधी पत्ता बदलून तो पुन्हा काढावा लागेल. आणि मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं.

प्रेषक: अण्णा (हॅरो)

म्हणजे तिकीट काढून यायचं! प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं होतं ना २०१८ मध्ये?

प्रेषक: ज्योती (हाउन्स्लो)

झालं होतं, पण २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ते तसंच बारगळलं. अण्णा, तोपर्यंत इथलं तरी करा. कौन्सिलकडे नोंदवलंय का नाव? भारताचा नागरिक म्हणजे कॉमनवेल्थचा नागरिक, इथे रीतसर राहणाऱ्याला कौन्सिलच नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही मत आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकला की ऑनलाइन होतं. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आता, त्याला आपला भारतीय पासपोर्ट चालतो. आपल्या ओळखीत वीस-वीस वर्षं राहिलेल्यांना हे ठाऊक नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

प्रेषक: अण्णा (हॅरो)

इथे नोंदवलं की तिकडचं ६अ जाईल ना?

प्रेषक: नाना (देवळाली कॅम्प)

नाही. ६अ जातं ते तिथलं नागरिकत्व घेतल्यावर. ब्रिटिश पासपोर्ट घेतला, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढलं, की इकडचं मत संपलं. नुसतं तिथल्या यादीत नाव असण्याला हरकत नाही.

प्रेषक: मेघा (सिडको, नाशिक)

नाना, सापडलं! पंचवटीच्या यादीत माहेरच्या नावानं आहे अजून, भाग क्रमांकासकट. म्हणजे फॉर्म ८. आधी स्थलांतर करते, आडनावाची दुरुस्ती नंतर. बँकेत सकाळी जाऊन आले, पत्ता बदलायचा अर्ज दिलाय, पासबुक उद्या दुपारी छापून देतो म्हणाले. जुनं कार्डही आईकडे डब्यात निघालं, त्यावर माझा दहावीच्या शाळेचा वाटावा असा फोटो आहे, मॅडम ओळखतील का?

प्रेषक: नाना (देवळाली कॅम्प)

ओळखतील. आधार जवळ ठेव, आणि फॉर्म भरल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक लिहून ठेव, त्यावरच पुढे अर्ज कुठवर आला ते कळतं.