मदत हवी आहे: एकदा रिजेक्ट झाल्यावर बहीण प्रयत्नच करेना

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीबद्दल विचारायचंय. इंटरव्ह्यूच्या शेवटच्या राउंडला रिजेक्ट झाली तेव्हापासून "अजून तयारी नाही झाली" म्हणत अर्जच पुढे ढकलते, आणि चुकून भरलाच तर आदल्या रात्रीपर्यंत काही उघडून बघत नाही, म्हणजे नाही झालं तर म्हणायला मोकळी की मी कुठे सिरीयसली घेतलं होतं! वाचलं तर कळलं याला सेल्फ हँडिकॅपिंग म्हणतात, बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर प्रयोग केलेत. आणि टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणून भीती अजूनच घट्ट होते, हेही पटलं.

पण पटून काय, करायचं काय? घरचे "अपयश ही यशाची पहिली पायरी" ऐकवतात, त्याने ती जास्तच चिडते (मीही चिडले असते). मला वाटतंय आधी नकार आला तरी फार बिघडणार नाही अशा ठिकाणी अर्ज करायला लावावेत, आणि प्रत्येकानंतर कुठला प्रश्न अडला एवढंच लिहून ठेवायचं. कोणी असं केलंय का? की काउन्सेलरकडेच न्यावं? आणि मुख्य म्हणजे मागे न लागता हे तिच्याशी बोलायचं कसं?